छोट्या स्टुडिओत डांटे: एकेक खोली करत केलेल्या बदलाचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू कुठल्या एका बॉक्सचा नाहीये, अख्ख्या सिस्टिमचा आहे. पुण्यात आमचा मध्यम आकाराचा स्टुडिओ आहे, एक कंट्रोल रूम, एक मोठी लाइव्ह रूम, एक व्होकल बूथ आणि मागे एक छोटी खोली जिथे डबिंग आणि ऑडिओबुकचं काम चालतं. इतकी वर्षं जवळपास सगळं ॲनालॉग होतं, भिंतीतून गेलेला जाड मल्टिकोर (एकाच केबलमध्ये अनेक माइक लाइन), पॅचबे (जोडण्या बदलायचं सॉकेटचं पॅनेल), आणि कॉम्प्युटरला एडॅटवर, म्हणजे डिजिटल ऑप्टिकल केबलवर, जोडलेला जुना इंटरफेस. ते आम्ही काम बंद न ठेवता हळूहळू डांटेवर, म्हणजे साध्या कॉम्प्युटर नेटवर्कच्या केबलवरून आवाज नेण्याच्या पद्धतीवर, आणलं, अजूनही आणतोय. फोकसराइटचे रेडनेट बॉक्स, ऑडिनेटचे एव्हिओ ॲडॅप्टर, आरएमईचा डिजिफेस डांटे आणि एक मॅनेज्ड स्विच (नेटवर्कच्या सगळ्या केबल जिथे जोडतात ती पेटी, जिची सेटिंग बदलता येतात), सध्या एवढ्यावर चाललंय.

मत आधी देऊन टाकतो म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. आवाज सुधारेल म्हणून डांटे घेऊ नका. आवाज माइकचा, प्रीॲम्पचा (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा), कन्व्हर्टरचा (आवाजाचे आकडे करणारा) आणि खोलीचा असतो, नेटवर्क फक्त आकडे इकडून तिकडे जसेच्या तसे पोचवतं. घ्यायचं ते यासाठी की स्टुडिओतली कुठलीही खोली, अगदी जिना आणि पॅसेजसुद्धा, रेकॉर्डिंगची जागा होते, लांबलचक ॲनालॉग वायरी जातात, आणि हे सगळं एकेक खोली करत जमतं. मला तर हा शेवटचा मुद्दाच सगळ्यात मोठा वाटतो, कारण आपल्याकडच्या छोट्या स्टुडिओंना एकदम सगळं बदलणं पैशानेही परवडत नाही आणि वेळेनेही नाही. गणपतीच्या आधी आरत्या-भक्तिगीतांची गर्दी, मग दिवाळी, मधल्या वेळात डबिंग, यात स्टुडिओ महिनाभर बंद ठेवून वायरिंग कोण काढणार?

ज्यांना डांटे म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिडनीची ऑडिनेट नावाची कंपनी २००६ मध्ये निघाली, तिथल्या सरकारी पैशावर चालणाऱ्या एका संशोधन संस्थेतल्या कामातून. त्यांनी ऑफिसात वापरतो त्याच साध्या इथरनेटवरून मल्टिचॅनल ऑडिओ न्यायची पद्धत बनवली. साधा गिगाबिट स्विच, साधी कॅट५ई किंवा कॅट६ केबल, आणि एका गिगाबिट लिंकवर ४८ किलोहर्ट्झला (सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) दोन्ही दिशांना ५१२ चॅनल. ऑडिनेट मुख्यतः चिप, मॉड्यूल आणि सॉफ्टवेअर देते, मोठे बॉक्स यामाहा, फोकसराइट, आरएमई, शुअर वगैरे कंपन्या बनवतात, आणि ते सगळे एकमेकांशी बोलतात. आमच्या जुन्या एडॅटशी तुलना करून बघा, एका ऑप्टिकल केबलवर ४८ ला ८ चॅनल, ९६ ला गेलात की ४, आणि प्लॅस्टिकची ऑप्टिकल केबल पाच-दहा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. इथे साध्या तांब्याच्या केबलवर १०० मीटर मिळतात.

सुरुवात बूथपासून केली, आणि तुम्हीही तिथूनच करा असं माझं स्पष्ट मत आहे. बूथमध्ये रेडनेट एक्स२पी ठेवला, दोन माइक प्रीॲम्प, एक स्टिरिओ लाइन आउट, एक हेडफोन आउट, आणि हे सगळं एका केबलवर, कारण करंटसुद्धा त्याच केबलमधून येतो, पॉवर ओव्हर इथरनेट म्हणतात ते. म्हणजे बूथमध्ये प्लग पॉइंट नको, ॲडॅप्टर नको, एक केबल आत गेली आणि माइक, हेडफोन, फँटम (कंडेन्सर माइकला लागणारा करंट) सगळं झालं. याआधी बूथसाठी मल्टिकोरमधल्या माइकच्या लाइन वेगळ्या, हेडफोनची लाइन वेगळी, टॉकबॅकचा (कंट्रोल रूममधून गायकाशी बोलायचा) छोटा स्पीकर वेगळा, आणि त्यातलं एखादं कनेक्शन पावसाळ्यात ओल धरून खरखरायचंच.

या बॉक्समधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज तिथल्या तिथे ऐकायला मिळतो, माइकचा सिग्नल आणि नेटवर्कवरून येणारा ट्रॅक बॉक्सच्या आतच मिसळून हेडफोनला जातो, कॉम्प्युटरपर्यंत जाऊन परत यायची गरजच नाही. ज्यांनी गायकांसोबत काम केलंय त्यांना याचं महत्त्व सांगायला नको. गायकाला स्वतःचा आवाज हाडातून आधीच ऐकू येत असतो, त्यावर हेडफोनचा आवाज चार-पाच मिलिसेकंद उशिरा आला की आवाज पोकळ लागतो, आणि मग ते नकळत सूर ढकलायला लागतात किंवा एक कान उघडा ठेवतात. आमच्याकडे शास्त्रीय गाणारे लोक येतात, हेडफोनवर नाखूष असणारे, त्यांनी बूथमध्ये दोन्ही कान झाकून टेक दिला तेव्हा मला या बॉक्सचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. किंमत मात्र हलकी नाही, दोन प्रीॲम्पच्या साध्या यूएसबी इंटरफेसच्या चार-पाच पट धरा, वर १८ टक्के जीएसटी, नोंदणी असेल तर तेवढं क्रेडिट मिळतं.

बूथ एकटाच नेटवर्कवर असताना बाकी सगळा स्टुडिओ जुन्याच पद्धतीने चालू होता, आणि हेच या पद्धतीचं सुख आहे. जुना मल्टिकोर काढला नाही, पॅचबेला हात लावला नाही, एखाद्या दिवशी नवीन काही अडलं तर जुना माइक इनपुट तिथेच भिंतीवर होता. क्लायंटला काही कळलंच नाही, आणि खरं तर कळायलाही नको.

आता स्विच आणि क्लॉक, म्हणजे सगळ्या बॉक्सना एकाच तालात ठेवणारा वेळेचा सिग्नल. यावर जरा जास्त लिहितो कारण लोक पैसे बॉक्सवर घालतात आणि स्विच कोपऱ्यावरच्या दुकानातून उचलून आणतात. डांटेमध्ये वेगळी वर्डक्लॉकची केबल लागत नाही, क्लॉक नेटवर्कवरूनच जातं, आयईईईच्या १५८८ नावाच्या स्टँडर्डने. सगळे बॉक्स आपापसात ठरवून एकाला क्लॉक लीडर करतात आणि बाकीचे त्याच्याशी जुळवून घेतात, दिंडीत सगळे टाळकरी एका पखवाजाकडे कान लावून असतात तसं. लीडर बंद पडला तर दुसरा कुणीतरी आपोआप होतो. तुम्हाला हवं तर एखाद्या बॉक्सला प्रेफर्ड अशी टिक लावून ठेवता येते, आम्ही ती जो बॉक्स कधीच बंद होत नाही त्याला लावलीये, बूथच्या बॉक्सला नाही, कारण बूथची केबल कधीही कुणीही काढतो.

हे क्लॉकचे छोटे छोटे पॅकेट वेळेवर पोचले पाहिजेत, आणि इथे स्विच मध्ये येतो. ऑफिससाठी बनवलेल्या बऱ्याच स्विचमध्ये वीज वाचवायची सोय असते, ट्रॅफिक कमी असेल तर पोर्ट झोपतो, एनर्जी एफिशिएंट इथरनेट नावाने. ऑफिसला चांगली आहे, डांटेला नाही, कारण पोर्ट झोपेतून उठेपर्यंत क्लॉकचं पॅकेट उशिरा पोचतं आणि सिंक डळमळतो. आम्ही सुरुवातीला चाचणी म्हणून एका ओळखीच्यांच्या ऑफिसातला साधा स्विच आणून लावून बघितला, त्यात ही सोय बंदच करता येत नव्हती, आणि मधूनच टिक, परत बराच वेळ शांत, परत टिक असा आवाज यायचा. अशा आवाजाचा माग काढणं फार अवघड असतं कारण तो ऐकताना वाटतं माइक खराब आहे, केबल खराब आहे, प्लगइन (कॉम्प्युटरमधला इफेक्ट) खराब आहे. म्हणून सांगतो, असा स्विच घ्या ज्यात ही गोष्ट बंद करता येते, म्हणजे मॅनेज्ड स्विच.

मॅनेज्ड असला की बाकीच्या दोन गोष्टीही करता येतात. एक म्हणजे प्राधान्य, क्लॉकच्या पॅकेटवर ५६ आकडा असतो आणि ऑडिओच्या पॅकेटवर ४६, स्विचला सांगायचं की ५६ वाल्याला सगळ्यात आधी सोड, मग ४६, मग बाकी सगळं. दुसरं म्हणजे आयजीएमपी स्नूपिंग, एकच सिग्नल अनेक ठिकाणी मल्टिकास्टने पाठवला तर तो फक्त ज्यांनी मागितलाय त्यांच्याच पोर्टवर जातो, सगळीकडे पूर येत नाही. छोटे एव्हिओ ॲडॅप्टर १०० मेगाबिटवर चालतात, त्यांच्या पोर्टवर नको असलेला मल्टिकास्ट जाऊन आदळला तर ते गुदमरतात. आम्ही नेटगिअरच्या एम४२५० सिरीजमधला स्विच घेतला, त्यात डांटेचं प्रोफाइल तयारच येतं, ते निवडलं की प्राधान्य आणि स्नूपिंग दोन्ही बसतं, हे ज्यांना नेटवर्किंगची सवय नाही त्यांच्यासाठी फार मोठी सोय आहे. स्विच घेताना पंख्याची चौकशी नक्की करा आणि शक्यतो तो कंट्रोल रूमच्या बाहेर ठेवा, आमचा मशीनच्या कपाटात आहे.

केबलबद्दल एक गोष्ट. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या बाजारात कॅट६ चा ३०५ मीटरचा रोल दोन भावांत मिळतो, आणि स्वस्तातल्या बऱ्याचशा रोलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. ती घेऊ नका. स्टँडर्डमध्ये ती बसतच नाही, रेझिस्टन्स जास्त असतो, आणि ज्या केबलमधून करंट पण न्यायचाय तिथे तर अजिबातच नको. दुकानात टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत द्या. भिंतीतली केबल घन तारेची आणि बूथमध्ये हलणारी पॅच कॉर्ड मल्टिस्ट्रँडची ठेवा, आणि जिथे रोज काढ-घाल होते तिथे एथरकॉनचे धातूचे कनेक्टर लावा, साध्या प्लास्टिकच्या प्लगची ती पातळ खिट्टी मोडली की केबल सैल होते आणि मग ऐन टेकमध्ये निसटते. आमच्या वायरिंगवाल्या काकांनी भिंतीत प्रत्येक खोलीत एकाऐवजी दोन केबल ओढल्या, पुढचा विचार करून, त्यांचा तो सल्ला मी तुम्हालाही देतो, मजुरी तीच लागते.

घरघर गेली, हे वेगळं सांगायला हवं. आमची इमारत जुनी आहे, प्रत्येक खोलीचं अर्थिंग सारखं नाही, त्यामुळे मागच्या खोलीतून लांब ॲनालॉग लाइन आली की ५० हर्ट्झची घरघर तिच्यासोबत यायचीच, आणि मग कुठे अर्थ उचल, कुठे ट्रान्सफॉर्मर लाव असं चालायचं. इथरनेटच्या पोर्टमध्ये दोन्ही टोकांना छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, शील्ड नसलेली केबल वापरली तर दोन खोल्यांचं अर्थिंग एकमेकांना जोडलंच जात नाही. मागच्या खोलीत आता एक एक्स२पी आणि एक माइक आहे, ॲनालॉग वायर जेमतेम तीन मीटरची. ऑडिओबुकवाल्यांना याचा फरक सगळ्यात जास्त पडला कारण तिथे आवाजामागे दुसरं काहीच नसतं, शांततेत थोडीशी घरघर पण क्वालिटी चेकमध्ये पकडली जाते.

आणि वीज. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, पावसाळ्यात कधीही जाते. आधी प्रत्येक खोलीत काही ना काही प्लगवर असायचं. आता स्विच, कॉम्प्युटर आणि रॅक एका ऑनलाइन यूपीएसवर आहेत आणि बूथमधले बॉक्स स्विचमधूनच करंट घेतात, त्यामुळे दिवे गेले तरी बूथमधला टेक पूर्ण होतो.

कॉम्प्युटरकडे कसं आणायचं यावर लोक फार गोंधळतात. सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे डांटे व्हर्च्युअल साउंडकार्ड, ऑडिनेटचं सॉफ्टवेअर, लायसन्स घ्यायचं आणि कॉम्प्युटरच्या साध्या इथरनेट पोर्टवर ६४ चॅनल आत, ६४ बाहेर. पण त्याची लेटन्सी, म्हणजे आवाज पोचायला लागणारा उशीर, ४, ६ किंवा १० मिलिसेकंद अशी ठेवावी लागते, आणि त्यावर तुमच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या (डॉच्या) बफरचा उशीर वेगळा. शिवाय ते स्वतः क्लॉक लीडर होऊ शकत नाही, नेटवर्कवर एक तरी हार्डवेअर बॉक्स लागतोच. मिक्सिंगला, लाइव्ह शो रेकॉर्ड करायला, डबिंगच्या खोलीतून नुसता आवाज घ्यायला हे उत्तम आहे, आमच्या लॅपटॉपवर तेच आहे. पण व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट वाजवत किंवा प्लगइनमधून ऐकत गाण्यासाठी नाही.

म्हणून मुख्य कॉम्प्युटरला डिजिफेस डांटे घेतला. यूएसबीवर चालतो, ६४ चॅनल डांटेचे आणि ६४ मॅडीचे (मल्टिचॅनल डिजिटल ऑडिओची आणखी एक पद्धत), आणि आरएमईचा टोटलमिक्स मिक्सर सोबत येतो जो मी आधीपासून वापरत होतो, त्यामुळे हात लगेच बसला. क्यू मिक्स (कलाकाराच्या हेडफोनमधला मिक्स), टॉकबॅक, मॉनिटरचा आवाज कमी-जास्त करणं सगळं टोटलमिक्समध्ये. ज्यांच्याकडे पीसीआय स्लॉट असलेला कॉम्प्युटर आहे त्यांनी रेडनेटच्या पीसीआय कार्डचाही विचार करावा, १२८ चॅनलपर्यंत जातं, पण मॅक मिनीसारख्या मशीनला त्यासाठी बाहेरून थंडरबोल्टची पेटी लागते आणि खर्च वाढतो.

नेटवर्कची स्वतःची लेटन्सी प्रत्येक घेणाऱ्या बॉक्सवर ठरवता येते, साधारण पाव मिलिसेकंदापासून ५ पर्यंत. आमच्याकडे एकच स्विच आहे त्यामुळे पाव पण चालतो, पण आम्ही १ वरच ठेवलीये. जायला १, यायला १, कन्व्हर्टरचं थोडंसं, एकूण तीनच्या आसपास, म्हणजे स्पीकरपासून साधारण एक मीटरवर उभं राहिल्यासारखं. तबलावाल्यांना, हार्मोनियमवाल्यांना याने काही फरक पडत नाही. एव्हिओ ॲडॅप्टर तर १ च्या खाली जातच नाहीत.

एव्हिओ ही या सगळ्यातली सगळ्यात छोटी आणि माझ्या मते सगळ्यात कामाची वस्तू. हातात मावणारा ॲडॅप्टर, एका टोकाला इथरनेट, दुसऱ्या टोकाला दोन एक्सएलआर, म्हणजे माइकला असतात तसे तीन पिनांचे कनेक्टर. आमचा जुना हेडफोन डिस्ट्रिब्यूशन ॲम्प चांगला आहे, तो टाकून कशाला द्यायचा, त्याला दोन चॅनलचा आउटपुट एव्हिओ लावला आणि तो नेटवर्कवर आला. जुना कॅसेट डेक आणि रील मशीन डिजिटायझेशनसाठी लागतात, त्यांना इनपुटवाला लावला. फक्त लक्षात ठेवा की इनपुटवाल्यात माइक प्रीॲम्प नाही, तो लाइन लेव्हलचाच आहे.

पॅचबे आणि बाहेरचे प्रीॲम्प, कॉम्प्रेसर यांच्यासाठी रेडनेट ए१६आर घेतला, १६ लाइन इन, १६ लाइन आउट, मागे डीबी२५ कनेक्टर. आमच्या पॅचबेचे लूम (केबलचे जुडगे) आधीच डीबी२५ चे होते, म्हणजे जुन्या इंटरफेसमधून काढून यात लावले, एकही सोल्डरिंग करावं लागलं नाही. हा सगळ्यात महागडा टप्पा होता म्हणून तो सगळ्यात शेवटी, आणि तोपर्यंत जुना एडॅटवाला इंटरफेस सोबत चालूच ठेवला.

सगळ्याचं राउटिंग डांटे कंट्रोलरमध्ये, जे फुकट आहे. वरच्या बाजूला पाठवणारे, डावीकडे घेणारे, मधल्या चौकटीत क्लिक केलं की हिरवी टिक. पहिल्याच दिवशी समजतं. राउटिंग त्या त्या घेणाऱ्या बॉक्समध्ये साठवलं जातं, त्यामुळे कॉम्प्युटर बंद केला तरी आवाज चालू राहतो. अख्खी मांडणी प्रीसेट म्हणून सेव्ह करता येते, आमच्याकडे डबिंगचा एक, गाण्याचा एक, भजनाचा एक असे आहेत. फक्त नावं सुरुवातीलाच विचार करून ठेवा कारण जोडणी नावावरून होते, पाठवणाऱ्या बॉक्सचं नाव बदललं की त्याच्याशी असलेली जोडणी तुटते. याचीच चांगली बाजू म्हणजे एखादा बॉक्स दुरुस्तीला गेला आणि त्याच प्रकारचा दुसरा त्याच नावाने लावला की सगळं आपोआप जोडलं जातं. नावं रोमन अक्षरांतच, ३१ अक्षरांपर्यंत.

खरी मजा आली ती भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगला. बुवा आणि हार्मोनियम बूथमध्ये, पखवाज लाइव्ह रूममध्ये पडदे ओढून, टाळकरी आणि कोरस मोठ्या हॉलमध्ये म्हणजे आमच्याच इमारतीतल्या वरच्या मजल्यावर, जिथे आधी कधी रेकॉर्डिंग झालंच नव्हतं. एवढे माइक आमच्याकडच्या इनपुटमध्ये बसत नव्हते. मग लाइव्ह साउंड करणाऱ्या ओळखीच्या मंडळींकडून यामाहाचा रिओ३२२४ स्टेजबॉक्स एका दिवसासाठी भाड्याने घेतला, ३२ माइक इनपुट, वरच्या मजल्यावर एक केबल टाकली, लावला, कंट्रोलरमध्ये दिसला, टिका लावल्या, झालं. यामाहाचे सीएल आणि क्यूएल हे डिजिटल मिक्सर २०१२ आणि २०१४ पासून डांटे घेऊनच येतात, त्यामुळे शो करणाऱ्यांकडे अशा गोष्टी असतातच, आणि भाडं विकत घेण्याच्या मानाने काहीच नाही. टाळांचा आवाज पखवाजाच्या माइकमध्ये गेला नाही, बुवांचा आवाज स्वच्छ मिळाला, आणि तरी सगळे एकाच वेळी, एकमेकांना ऐकत गात होते. भजन असं तुकड्या-तुकड्यात ट्रॅकवर घ्यायची गोष्ट नाहीये असं मला मनापासून वाटतं, गजर चढत जातो तो सगळे एकत्र असले तरच. आमच्या स्टुडिओत हे आधी शक्यच नव्हतं. माझ्यासाठी हा अख्खा खर्च या एका कामासाठी योग्य होता.

आता खटकणाऱ्या गोष्टी. माइकचा गेन डांटे कंट्रोलरमधून बदलता येत नाही, प्रत्येक कंपनीचं वेगळं सॉफ्टवेअर, फोकसराइटचं रेडनेट कंट्रोल, यामाहाचं आर रिमोट. त्या भजनाच्या दिवशी स्क्रीनवर तीन-चार खिडक्या उघड्या होत्या आणि असिस्टंटला त्यात फार पळापळ झाली. दुसरं, सगळ्या बॉक्सचा सॅम्पल रेट सारखा पाहिजे, ४४.१ वाला आणि ४८ वाला एकमेकांना जोडता येत नाहीत, म्हणून आम्ही अख्खा स्टुडिओ ४८ वर पक्का केला, जुने ४४.१ चे प्रोजेक्ट उघडायचे झाले की सगळं बदलावं लागतं. तिसरं, वायफायवर डांटेचा ऑडिओ चालत नाही, ती अपेक्षाच ठेवू नका. चौथं, बॉक्सवर दोन पोर्ट असतात आणि स्विच्ड मोडमध्ये कुणी दोन्ही पोर्ट एकाच स्विचला लावले तर लूप होतो आणि अख्खं नेटवर्क आडवं होऊ शकतं, त्यामुळे दुसऱ्या पोर्टवर आम्ही रंगीत टेप लावून ठेवलीये. आणि स्टुडिओतल्या पोरांना हे सगळं शिकवावं लागतं, एक्सएलआर सैल झाला तर डोळ्याला दिसतो, इथे चुकीची टिक दिसण्यासाठी स्क्रीन वाचता आली पाहिजे. चार आकडी पिनने बॉक्स लॉक करता येतात, ते नक्की करा.

इंटरनेट वेगळं ठेवा. डांटेच्या नेटवर्कला राउटरची गरजच नाही, राउटर नसेल तर बॉक्स स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते घेतात आणि एकमेकांना शोधतात. आमचं इंटरनेट वायफायवर, इथरनेट फक्त ऑडिओला.

दुसरे पर्याय आहेतच. मोटूचे एव्हीबीवाले (इथरनेटवरूनच ऑडिओ न्यायची दुसरी पद्धत) इंटरफेस आहेत, मॅकमध्ये एव्हीबी मुळातच आहे आणि क्लॉक-प्राधान्य हे सगळं त्या स्टँडर्डमध्येच बसवलेलं आहे, पण स्विच एव्हीबीवालाच लागतो. मर्जिंगचे रॅव्हेनावाले (अशीच तिसरी पद्धत) कन्व्हर्टर मास्टरिंग आणि ऑर्केस्ट्रावाल्यांमध्ये नावाजलेले आहेत. एईएस६७ हे २०१३ चं स्टँडर्ड या वेगवेगळ्या जगांना जोडायला आहे आणि बरेच डांटे बॉक्स ते ४८ किलोहर्ट्झला बोलतात. एकच खोली आणि चार माइक असतील तर यातलं काहीच घेऊ नका, चांगला यूएसबी किंवा थंडरबोल्ट इंटरफेस घ्या आणि उरलेले पैसे खोलीच्या ट्रीटमेंटला लावा. दोन-तीन खोल्या असतील, किंवा पुढे वाढायचा विचार असेल, तर स्विच आणि एक बूथ एवढ्यापासून सुरू करा.

आमच्याकडे मॉनिटर स्पीकरची लाइन अजून ॲनालॉगच आहे, मॉनिटर कंट्रोलरमधून सरळ स्पीकरला, आणि ती तशीच राहणार आहे, कारण काहीही अडलं तरी आवाज कमी करायचं बटण हाताशी आणि साधं असावं असं मला वाटतं. रिडंडंट म्हणजे दुसरं समांतर नेटवर्क केलेलं नाही, त्याला दुसरा स्विच लागतो आणि स्टुडिओत टेक परत घेता येतो, लाइव्ह शोवाल्यांनी मात्र ते टाळू नये. पुढच्या टप्प्यात लाइव्ह रूममधल्या वादकांना एकेक रेडनेट एएम२ द्यायचाय, म्हणजे प्रत्येकाच्या हाताशी स्वतःच्या आवाजाचं बटण येईल. केबल भिंतीत आहेच, काकांनी ओढून ठेवलेली दुसरी.